अमेरिकेची जुनी स्मारक नाणी: पाडली सरकारने, विकली समित्यांनी

2026 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं 250वं वर्ष. त्यानिमित्त तिथल्या रोजच्या चलनातल्या नाण्यांवर 1776 आणि 2026 अशी दोन सालं आली, आणि जुन्या अमेरिकन नाण्यांच्या जाहिराती पुन्हा समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. नात्यातलं कुणी अमेरिकेत असेल तर त्यांनी आणलेलं एखादं जुनं चांदीचं नाणं आपल्याकडच्या कपाटातही असतं. मग प्रश्न पडतो, हे महाग आहे की नुसतीच चांदी?

गोंधळ होणं साहजिक आहे. अर्ध्या डॉलरची दोन नाणी घ्या. दोन्ही सरकारी टांकसाळीतली, दोन्ही साडेबारा ग्रॅमची, दोन्हींत नव्वद टक्के चांदी. एक 1893 सालचं, दुसरं 1928 सालचं. जुनं नाणं झिजलेलं असेल तर चांदीच्या भावापेक्षा थोडेच जास्त पैसे मिळतात. नव्यासाठी मात्र संग्राहक हजार डॉलरहून अधिक मोजतात. वय, वजन, धातू यांतलं काहीच हा फरक समजावू शकत नाही. तो समजतो ही नाणी कुणी आणि कशी विकली, हे कळल्यावर.

स्मारक नाणं म्हणजे नेमकं काय

एखादी घटना, व्यक्ती किंवा वर्धापनदिन यांच्या आठवणीसाठी सरकार जे खास नाणं काढतं ते स्मारक नाणं. ते कायदेशीर चलन असतं, पण रोजच्या व्यवहारासाठी काढलेलं नसतं. आपल्याकडे स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी 1964 साली जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली.

अमेरिकेत या नाण्यांचे दोन कालखंड आहेत. 1892 ते 1954 हा जुना, ज्याला संग्राहक ‘क्लासिक’ म्हणतात. त्यानंतर 28 वर्षं काहीच निघालं नाही. 1982 साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माला 250 वर्षं झाली तेव्हा नवा कालखंड सुरू झाला. हा लेख फक्त जुन्या कालखंडाबद्दल आहे, कारण गुंतागुंत तिथे आहे आणि मजाही तिथेच आहे.

मधला दलाल

आपल्याकडच्या एका गणेश मंडळाची कल्पना करा. मंडळाला शंभर वर्षं होतायत, मोठा कार्यक्रम करायचाय, पैसे हवेत. मंडळ आपल्या खासदाराला गाठतं. खासदार संसदेत विधेयक मांडतो, कायदा होतो आणि मुंबईची टांकसाळ मंडळासाठी दहा हजार खास नाणी पाडते. पन्नास रुपयांचं नाणं मंडळाला पन्नास रुपयांतच मिळतं. मंडळ ते शंभराला किंवा दोनशेला विकतं आणि वरचा पैसा मंडळाच्या खात्यात जातो. जी नाणी विकली जात नाहीत ती टांकसाळीला परत करायची आणि पन्नास रुपये परत घ्यायचे.

अमेरिकेत अगदी हेच झालं. काँग्रेस म्हणजे तिथली संसद कायदा करायची, टांकसाळ नाणी पाडायची आणि स्थानिक समिती ती टांकसाळीकडून दर्शनी किमतीला, म्हणजे नाण्यावर लिहिलेल्या किमतीला, घ्यायची. बाजारातली किंमत समिती ठरवायची. नाणं सरकारी असलं तरी दुकान खासगी होतं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

सुरुवात शिकागोत

पहिलं नाणं 1892 सालचं. कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाल्याबद्दल शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने 1893 च्या सप्टेंबरात भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं, त्यामुळे ते शिकागो आपल्याला अनोळखी नाही. नाण्याच्या एका बाजूला कोलंबसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याचं जहाज आणि जहाजाखाली पृथ्वीचे दोन गोलार्ध. पन्नास सेंटचं नाणं एक डॉलरला विकायचं ठरलं. पहिलं नाणं एका टाइपरायटर कंपनीने दहा हजार डॉलरला घेतलं, ते निव्वळ जाहिरातीसाठी.

बाकीच्यांसाठी मात्र एवढा उत्साह नव्हता. सुमारे 50 लाख नाणी पाडली, त्यातली सुमारे 25 लाख वितळवावी लागली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी सरळ चलनात गेली आणि लोकांनी ती भाजीपाल्यासाठी खर्च केली. म्हणूनच आज झिजलेली कोलंबस नाणी इतकी सापडतात आणि इतकी स्वस्त असतात.

प्रदर्शनाच्या महिला व्यवस्थापक मंडळाने, ज्याच्या अध्यक्षा बर्था पामर होत्या, स्वतःसाठी वेगळं नाणं मागून घेतलं. ते पंचवीस सेंटचं, त्यावर स्पेनची राणी इसाबेला. अमेरिकेच्या नाण्यावर परदेशी राणीचा चेहरा पहिल्यांदाच येत होता. हे नाणंही एक डॉलरलाच होतं. त्याच पैशात दुप्पट दर्शनी किमतीचं, आकाराने मोठं कोलंबस नाणं मिळत असताना छोटं नाणं कोण घेणार? 40,023 पाडली, 24,214 उरली, बाकी वितळवली. ग्राहकाचा तो हिशेब तेव्हा अगदी योग्य होता. आज मात्र इसाबेलाला कोलंबसपेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते, कारण तेव्हा घेणारेच कमी होते.

आठ नाण्यांचं कोडं

आता 1928 सालच्या त्या महाग नाण्याकडे येऊ. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक हवाई बेटांवर पोहोचला त्याला 150 वर्षं झाली म्हणून हे निघालं. दर्शनी किंमत पन्नास सेंट आणि विक्री दोन डॉलरला, जी त्या वेळच्या अर्ध्या डॉलरच्या स्मारक नाण्यांत सर्वांत जास्त होती. एकूण नाणी 10,008.

हा आकडा मला फार आवडतो. दहा हजार समजतं, वरची आठ कशाला? टांकसाळीच्या कामाची दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हायची. वजन बरोबर आहे का, चांदी ठरल्याएवढी आहे का, हे पाहायला प्रत्येक खेपेतून काही नाणी बाजूला काढायचे. त्यासाठी ही वरची आठ. तपासणीत अशी नाणी बऱ्याचदा नष्ट होत. त्यामुळे या मालिकेत 10,008, 5,005, 2,003 असे विचित्र आकडे दिसले तर ती छपाईची चूक नव्हे. मागणी किती होती ते गोल आकड्यातून कळतं, वरची दोन-चार-आठ नाणी फक्त तपासणीची.

हवाईची नाणी झटपट संपली. बेटं दूर, माणसं थोडी, आणि बरीच नाणी बेटांवरच राहिली. इथली टंचाई खरी होती. पुढच्या काही वर्षांत जे घडलं ते वेगळं होतं.

टंचाई बनवण्याचे मार्ग

एकाच छापाची नाणी एकाच माणसाला पुन्हापुन्हा विकायची कशी? समित्यांनी तीन वाटा शोधल्या.

पहिली वाट, नाण्यावर एक बारीक खूण वाढवायची. 1921 साली मिसुरी राज्याच्या शताब्दीचं नाणं निघालं. मिसुरी चोविसावं राज्य, म्हणून काही नाण्यांवर ‘2’, तारा आणि ‘4’ असं कोरलं आणि बाकी तशीच ठेवली. अलाबामा बाविसावं, तिथे दोन दोनांमध्ये ‘X’. संग्राहकाला आता एकाऐवजी दोन नाणी घ्यावी लागणार. 1922 च्या जनरल ग्रँट यांच्या नाण्यावर तर एक तारा आहे ज्याला काहीच अर्थ नाही, तो फक्त वेगळेपणासाठी. ताऱ्याची नाणी थोडी असल्याने पुढे लबाडांनी साध्या नाण्यांवर ठोकून तारे उमटवले. या नाण्यासाठी आजही तज्ज्ञाची तपासणी लागते.

दुसरी वाट टांकसाळीच्या खुणेची. आपल्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर ते मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं. तसंच अमेरिकेत ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि त्या काळच्या नाण्यांवर काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. एकच छाप तिन्ही टांकसाळींत पाडून घेतला की एकाची तीन नाणी झाली.

तिसरी वाट सरळ होती, दरवर्षी काढत राहायचं. ऑरेगॉनकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या वाटेचं नाणं 1926 ते 1939 या काळात अधूनमधून निघत राहिलं.

या तिन्ही वाटा एकत्र आल्या पश्चिमेकडे वसाहतींची वाट काढणाऱ्या डॅनियल बून यांच्या नाण्यात. बून यांचा जन्म 1734 सालचा, म्हणून 1934 साली द्विशताब्दीचं नाणं. तिथे थांबायला हवं होतं. पण ते 1938 पर्यंत चाललं. 1935 मध्ये तर साल 1935 ठेवून वर बारीक अक्षरांत ‘1934’ घातलेला वेगळा प्रकार आला. डेन्व्हरची 2,003 आणि सॅन फ्रान्सिस्कोची 2,004 नाणी. जोडी 3.70 डॉलरला जाहीर झाली आणि लोकांची पत्रं पोहोचेपर्यंत ‘संपली’ असं उत्तर आलं. लगेच बाजारात तीच जोडी कित्येक पटींनी विकली जाऊ लागली. मंदीचा काळ होता, लोकांच्या हाती पैसा नव्हता, आणि आज घेतलं तर उद्या दहापट होईल ही आशा सगळीकडे पसरली होती.

1936 साली ही लाट शिगेला पोहोचली. त्या एका वर्षात वीसेक नवे विषय आले. गावांच्या शताब्दी, पूल, प्रदर्शनं, काहीही. सगळ्यांत गाजलं सिनसिनाटी शहराचं. तिथल्या थॉमस मेलिश नावाच्या नाणेसंग्राहक व्यावसायिकाने सिनसिनाटी संगीताचं केंद्र झाल्याची पन्नास वर्षं म्हणून नाणं काढून घेतलं. प्रत्येक टांकसाळीतून सुमारे पाच हजार, तीन नाण्यांचा संच 7.75 डॉलरला. नाण्यावर गीतकार स्टीफन फॉस्टर. पन्नास वर्षं म्हणजे सुरुवात 1886 ची. पण फॉस्टर 1864 मध्येच वारले होते आणि सिनसिनाटीत ते 1840 च्या दशकात हिशेबनीस म्हणून राहिले होते. 1886 साली तिथे संगीतात असं काही खास घडलंही नव्हतं. सरकारच्या कला आयोगाने हरकत घेतली, तरी नाणं निघालंच.

सरकारला हे दिसत नव्हतं का?

दिसत होतं. 1930 साली अध्यक्ष हूव्हर यांनी गॅड्सडेन खरेदीच्या, म्हणजे मेक्सिकोकडून विकत घेतलेल्या प्रदेशाच्या, नाण्याचं विधेयक परत पाठवलं. अशी असंख्य नाणी चलनात गोंधळ माजवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघातली समिती खूश ठेवायची होती आणि विधेयकं एकेकटी छोटी असल्याने विरोध करायला कुणी उभं राहत नव्हतं. शेवटी ऑगस्ट 1939 मध्ये कायदा करून आधी मंजूर झालेली सगळी चालू स्मारक नाणी बंद केली.

युद्धानंतर पुन्हा सुरुवात झाली ती बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नाण्याने. गुलामगिरीत जन्मलेले हे शिक्षणतज्ज्ञ अमेरिकेच्या नाण्यावर आलेले पहिले कृष्णवर्णीय, आणि हे नाणं घडवणारे आयझॅक हॅथवे हे अमेरिकी नाण्याचा आराखडा करणारे पहिले कृष्णवर्णीय शिल्पकार. नाणं मात्र 1946 ते 1951 अशी सहा वर्षं तीन टांकसाळींतून निघत राहिलं. त्याच्या पाठोपाठ 1951 ते 1954 कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यासह दुसरं. त्यासाठीच्या कायद्यात लिहिलंय की नफा कृष्णवर्णीयांमध्ये साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी वापरायचा. शीतयुद्धाची भीती अशी नाण्याच्या कायद्यातही शिरली होती. विक्री रोडावली, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 मध्ये नवी विधेयकं परत पाठवली आणि कालखंड संपला.

मग ही नाणी फसवी म्हणायची का?

काही जाणकार तसं म्हणतात. मला ते पटत नाही. नाणी खरी आहेत, चांदी खरी आहे, आणि त्यांवरचं काम बऱ्याचदा रोजच्या नाण्यांपेक्षा सरस आहे. ऑरेगॉनच्या नाण्यावर बैलगाडी मावळत्या सूर्याकडे जाते आणि दुसऱ्या बाजूला हात पसरलेला मूळ रहिवासी, त्याच्यामागे अमेरिकेचा नकाशा. जेम्स अर्ल फ्रेझर आणि लॉरा गार्डिन फ्रेझर या शिल्पकार दांपत्याचं हे काम. ते हातात घेतलं की समित्यांचे हिशेब आपोआप मागे पडतात.

काही नाणी अवघडही आहेत आणि तेही समजून घ्यायला हवं. 1925 चं स्टोन माउंटन नाणं यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सेनापतींच्या स्मारकाला पैसा उभा करण्यासाठी निघालं. 23 लाखांहून अधिक पाडली. शिल्पकार गुट्झन बोरग्लम यांचं त्याच वर्षी समितीशी भांडण होऊन ते काम सुटलं, आणि पुढे त्यांनीच माउंट रशमोर डोंगरावरचे अध्यक्षांचे चेहरे कोरले. वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने त्याच मालिकेत बुकर वॉशिंग्टन येतात. अमेरिकेने स्वतःबद्दल काय काय लक्षात ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी पैसे कुणी मागितले, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आकडा लहान, मग किंमत मोठी?

नेहमीच नाही. 1926 चं उदाहरण पाहा. स्वातंत्र्याच्या 150व्या वर्षी फिलाडेल्फियात प्रदर्शन भरलं, त्यासाठी वॉशिंग्टन आणि तेव्हा पदावर असलेले अध्यक्ष कूलिज यांचे चेहरे असलेलं नाणं निघालं. दहा लाखांहून थोडी जास्त पाडली, त्यांतली 8,59,408 वितळवली. उरलेली सुमारे 1,41,000 म्हणजे सिनसिनाटीपेक्षा कितीतरी जास्त. तरीही उत्तम स्थितीतलं 1926 चं नाणं मिळवायला घाम गाळावा लागतो. कारण छाप फार उथळ बसला, आणि उथळ छापावर लहानसा ओरखडाही लपत नाही.

म्हणजे संख्येइतकीच महत्त्वाची असते पृष्ठभागाची स्थिती. ती 1 ते 70 अशा गुणांत मोजतात, याला ग्रेडिंग म्हणतात. 60 किंवा त्याहून जास्त म्हणजे नाणं कधी चलनात फिरलंच नाही. हे गुण देऊन नाणं प्लास्टिकच्या बंद पेटीत ठेवणाऱ्या दोन मोठ्या खासगी संस्था आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी. पहिली 1986 ची, दुसरी 1987 ची.

स्वतः पाहायचं असेल तर एका दिव्याखाली नाणं कडेला धरून हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाच्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरतात. घासून चमकवलेलं नाणं सगळीकडून एकसारखं पांढरं दिसतं, त्या रेषा तिथे फिरत नाहीत. या मालिकेतली बरीच नाणी पुठ्ठ्याच्या पाकिटांत विकली गेली होती. पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे चांदीवर निळे, जांभळे, सोनेरी रंग चढले आणि मध्यभागी पुठ्ठ्याच्या पट्टीचा ठसा राहिला. याला टोनिंग म्हणतात आणि संग्राहक त्यासाठी जादा पैसे देतात.

त्यामुळे एक कळकळीची विनंती. देव्हाऱ्यातल्या चांदीसारखं असलं नाणं रांगोळी, राख, चिंच किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. आजोबांनी प्रेमाने सांभाळलेल्या नाण्याची किंमत पाच मिनिटांत कायमची जाते आणि परत येत नाही.

गुंतवणूक म्हणून?

माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. 1936 साली लाट आली, 1937 मध्ये ओसरली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकच्या पेट्यांमुळे शेअरबाजारासारखी खरेदी झाली आणि 1989 नंतर भाव कोसळले, काही नाण्यांना ती पातळी आजतागायत गाठता आलेली नाही. टंचाई तयार करून विकलेल्या वस्तूंची मागणीही बऱ्याचदा तयार केलेलीच असते.

‘जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असे व्हिडिओ मराठीतही फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्या अशा लबाडांबद्दल बँकेने 2021 साली जाहीर इशारा दिला होता. आधी पैसे मागणारा विकत घेणारा नसतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सुरुवात करायची तर

सगळी चांदीची क्लासिक नाणी जमवायची तर 144 होतात. आकडा ऐकून घाबरू नका. त्यातली 88 फक्त सहा विषयांची आहेत: बून, आर्कान्सास, टेक्सास, ऑरेगॉन आणि बुकर वॉशिंग्टन यांची ती दोन नाणी. सालं आणि टांकसाळीच्या खुणा बदलून वाढवलेली ही संख्या. प्रत्येक विषयाचं एकच नाणं घ्यायचं ठरवलं, ज्याला टाइप सेट म्हणतात, तर 144 ची 50 होतात. समित्यांनी वाढवून ठेवलेला पसारा तुम्ही एका निर्णयात बाजूला सारता.

सोन्याची तेरा नाणी वेगळी. त्यांत 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनाची पन्नास डॉलरची दोन अवाढव्य नाणी आहेत, एक गोल, एक अष्टकोनी. ती संग्रहालयात पाहायची.

पहिलं नाणं झिजलेलं कोलंबस घ्या. साडेबारा ग्रॅममध्ये 11.25 ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाचा चांदीचा भाव गुणून बघा, विकणारा त्यापेक्षा फार जास्त मागत असेल तर दुसरीकडे विचारा. वजन आणि 30.6 मिलिमीटर व्यास घरच्या छोट्या काट्यावर आणि मोजपट्टीवर तपासता येतो. दुसरं, 1946 चं आयोवा राज्याचं घ्या. सुमारे एक लाख निघाली, लोकांनी जपून ठेवली, म्हणून न वापरलेलं चमकदार नाणंही परवडतं आणि ते पाहून खरी झळाळी कशी असते ते डोळ्यांना कळतं. आयोवाने त्यातली हजार नाणी राखून ठेवली होती, पाचशे 1996 साली विकायला आणि पाचशे 2046 साली. तिसरं नाणं घ्यायच्या आधी मात्र त्या नाण्यामागची समिती कोण होती ते वाचा. इसाबेला आणि हवाई घेताना पेटीबंद आणि तपासलेलंच घ्या, कारण बनावट नाणी बहुतेक महाग नाण्यांचीच बनतात. अमेरिकेहून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि टपालाचा विमा धरूनच किंमत ठरवा.